फ्रीज करू नका

परभणीच्या प्रयोगशाळेतील माझ्या अखेरच्या वर्षांत एका विद्यार्थिनीवर मी अन्याय केला. ती वालूरची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. तिचा सारा प्रबंध एका मानवी प्रथिनावर बेतलेला होता. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरच्या काही रासायनिक खुणा हे प्रथिन पुसून टाकते. त्याला नेमके ओळखून चिकटणारे प्रतिपिंड विकत मागवावे लागते. ते चिकटले, की फिल्मवर काळी पट्टी उमटते.

ते प्रतिपिंड मे महिन्यातल्या एका शनिवारी आले. बोटाच्या पेराएवढी कुपी, तळाशी थोडासा द्रव. मी पूर्णा स्टेशनवर गाडीची वाट पाहत होतो. हे प्रतिपिंड फ्रीजमध्ये थंड ठेवायचे असते, पण गोठले तर निकामी होते, म्हणून प्रयोगशाळेच्या परिचराला फोनवर बजावले, "ती कुपी फ्रीज करू नका." एवढे बोलून फोन ठेवला. खुलासे करण्याची मला सवय नव्हती.

पुढे तीन महिने पट्टी उमटली नाही.

"सर, त्याच नमुन्यांत दुसऱ्या प्रथिनाची पट्टी चांगली येते," ती म्हणाली. "कुपीच खराब असंल का?"

"नाचता येईना, अंगण वाकडे," मी सर्वांसमोर म्हणालो. "आधी हात सुधारा."

ती दिवाळीपर्यंत तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करत राहिली. दिवाळीनंतर प्रबंध सोडून गावाजवळच्या शाळेत शिकवू लागली.

वर्षभराने दुसऱ्या कामासाठी तेच प्रतिपिंड पुन्हा मागवले. मी तेच वाक्य उच्चारले. परिचर दारातच घुटमळला.

"मग कुठं ठेवू, सर? मागल्या टायमाला तुमीच म्हणले, फ्रीज करू नका. मी कपाटात ठेवली. सोमवारी बघितलं तर बाकीच्या समद्या फ्रीजात. मग गुमान तिथं सरकवली."

मे महिन्यातले परभणी, बंद कपाट, दोन दिवस.

"तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमाला ईचारायची कुणाची टाप हाय, सर?"

तिचे नमुने डीप फ्रीझरमध्ये शिल्लक होते. नव्या कुपीने मी स्वतः प्रयोग केला. पट्टी उमटली, जिथे यायला हवी होती त्याच जागी.

तिला फोन केला. पलीकडे वर्गाचा गलका होता.

"आली का? बरं झालं, सर."

परत येण्याविषयी विचारले. नोंदणीची मुदत सरली होती. ते मलाही ठाऊक होते. मग तीच म्हणाली, "माझा हात चांगला होता, एवढं लिहून द्याल का? घरी सगळ्यायला वाटतंय, मला जमलंच नाही."

मी लिहून दिले. 'कुपी सदोष निघाली. विद्यार्थिनीचे कौशल्य निर्दोष होते.' कुपी सदोष नव्हती. ती कशाने बिघडली, ते मी त्या कागदावर लिहिले नाही.