वॉर्डातलं साळिंदर

छापखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण दुसऱ्याची चूक काढायची सवय इतकी जुनी की नाव आपोआप चिकटलं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पन्नाशी उलटल्यावर संगणकापुढे बसून मोठ्या फलकांची छपाईही शिकून घेतली. फलकाच्या कामात त्यांचा हात कोणी धरत नसे. फोनवर आलेला फोटो घ्यायचा, मापं टाकायची, इंचाला किती ठिपके ते सांगणाऱ्या रिझोल्यूशनच्या चौकटीत तीनशे लिहायचं आणि छपाईला सोडायचं. फलक रस्त्यापलीकडून बघायचे असतात, त्यामुळे तक्रार कधी आली नाही.

घरी सून टॅबलेटवर चित्रं काढायची. "सूनबाई, आज काच पुसलीस की रंगवलीस?" असं मास्तर विचारत आणि तीही हसून घ्यायची. मुलांच्या दवाखान्याने वॉर्डाच्या भिंतीसाठी तिचं जंगलाचं चित्र निवडलं, तेव्हा मात्र मास्तरांनी भेटेल त्याला सांगितलं आणि छपाईचं काम हट्टाने आपल्याच छापखान्यात आणलं.

"बाबा, फोनवर पाठवलंय ते नुसतं बघायला आहे," सुनेने पेनड्राइव्ह हातात देत सांगितलं. "छापायला यातली फाइल घ्या. भिंतीच्या मापाने एक्स्पोर्ट केलीय. जरा जड आहे."

"आता तू मला छपाई शिकवणार?"

"शिकवत नाही हो, आठवण करून देतेय."

फाइल खरोखरच जड होती. छापखान्यातला जुना संगणक ती उघडता उघडता मान टाकायचा. मालक दारातून डोकावून म्हणाले, "मास्तर, मशीन रिकामं उभं आहे. डोळा लागला की काय?" तेव्हा मास्तरांनी पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला, फोनवरचं चित्र उतरवून घेतलं, भिंतीची मापं टाकली आणि चौकटीत तीनशे लिहिलं. पडद्यावर जंगल झकास दिसलं.

वॉर्डात पलंग भिंतीला लागून होते. निजलेल्या मुलाने हात लांबवला तर चित्राला लागेल, इतके जवळ. चिकटवून झालं आणि सगळे दोन पावलं मागे सरून बघू लागले. साळिंदराचे काटे म्हणजे राखाडी चौकोनांचा ढीग दिसत होता. हरणाला डोळे आहेत की नाहीत, सांगता येईना. थोरल्या सिस्टरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "मला वाटलं, माझाच नंबर वाढला."

"काय झालं हो, मास्तर?" सोबत आलेल्या मालकांनी विचारलं.

मास्तरांना पाहताक्षणी कळलं होतं. लहान चित्र ताणल्यावर चौकटीत कितीही मोठा आकडा लिहा, नसलेली रेघ उगवत नाही. तोंडातून मात्र निघालं, "फाइलच तशी होती."

सुनेने एकदा त्यांच्याकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं. मग ती सिस्टरांना म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल. एवढ्या मोठ्या मापाचं काम पहिल्यांदाच केलं. माफ करा."

मास्तर जमिनीवर पडलेले कागदाचे कपटे गोळा करत राहिले.

घरी ती टॅबलेट घेऊन बसली आणि चित्र मोठं करून एकेक काटा तपासू लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. मास्तर पाणी प्यायच्या निमित्ताने तिच्या मागून जात. पडद्यावर काटा न् काटा स्वच्छ दिसत होता. पेला तसाच भरलेला ओट्यावर परत जाई.

"सोड ना आता," त्यांचा मुलगा बायकोला म्हणाला.

"चूक सापडतच नाहीये. सापडत नसेल तर पुन्हा करून काय उपयोग? सिस्टरांना कळवते, दुसऱ्या कोणाकडून चित्र करून घ्या म्हणून. मला नाही जमत हे." तिने फोन उचलला.

"थांब," मास्तर म्हणाले. "तुझ्या फाइलमध्ये चूक नाही. मी ती छापलीच नाही. फोनवरचं छापलं."

तिने फोन खाली ठेवला.

"मग तिथे माफी मी का मागितली?"

मुलगा काहीतरी बोलायला गेला, तिने हातानेच त्याला थांबवलं. "सिस्टरांना तुम्हीच सांगा, बाबा. मी सांगणार नाही."

छापखान्यात मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "जन्मभर आमच्या चुका काढल्यात, मास्तर. स्वतःची तेवढी लपवलीत?" मास्तरांनी खिशातला पेनड्राइव्ह काढून संगणकाला लावला. संगणक कण्हत राहिला आणि ते फाइल उघडेपर्यंत समोर बसून राहिले.

नवं जंगल भिंतीवर चढलं. थोरल्या सिस्टर अगदी जवळ जाऊन काटे बघून आल्या. "आता कसं छान झालं. सूनबाईंनी दुरुस्त केलं वाटतं."

हो म्हटलं असतं तर तिथेच निभावलं असतं.

"दुरुस्त काही केलेलं नाही," ते म्हणाले. "तिची फाइल पहिल्यापासून अशीच होती. आळस मी केला आणि नाव तिचं पुढे केलं."

सिस्टरांनी सुनेकडे पाहिलं. सून शिडीवर उभी राहून चित्राचा वरचा कोपरा दाबत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"बाबा, हवेचे फुगे काढायची पट्टी द्या," एवढंच म्हणाली.

मास्तरांनी पट्टी वर धरली आणि तिने ती घेईपर्यंत हात तसाच धरून ठेवला.