मी लिहून दिलेला येसर

परभणीतलं त्या किराणावाल्याचं शेवटचं दुकान बंद होताना नातीनं येसराचं पाकीट आणलं. येसर म्हणजे आमटीचा मसाला; पाकीट फोडलं, तर कच्च्या पिठाचा वास!

पूर्वी गंगाखेडला हाच किराणावाला आमच्या चुलीपुढं बसून बोटं चाटत होता. "वहिनी, लय भारी आमटी! येसर कसा करता?" नवऱ्यानं कधी बरं म्हटलं नव्हतं, त्यामुळं मी फुगले. किराणावाल्याचं अक्षर गिचमिड, म्हणून शहाणीनं स्वतःच लिहून दिलं: गहू, डाळ खरपूस भाजा. वर चहा पाजला!

पुढं त्याची गावोगाव दुकानं झाली, पाकिटावर त्याच्या आईचा फोटो आला. मग यानं भाजणंच सोडलं, गिऱ्हाईक तुटलं. आता पेपरात म्हणतो, "जुनी चव लोकांना आवडेना."

अरे, बुडालास तर बूड! माझ्या येसराला नावं कशाला ठेवायलास?