हळदीतलं अप्रूव्हल

तुमसरच्या राईस मिलमधून पुन्हा फोन. "मॅडम, धानाचे ट्रक पार रोडपर्यंत लागले. वजनकाटा बंद करून बसलो आम्ही. तुमचं सॉफ्टवेअर ट्रकचं वजनही धानातच धरून राहिलं!"

चूक मला सापडली होती. दुरुस्तीही लिहून झाली होती. पण ती पाठवता येत नव्हती, आणि याला कारण मीच होते.

भंडाऱ्यातल्या आमच्या ऑफिसात कोड लिहिणारे तिघेच: मी, प्रफुल्ल आणि शीतल. तिघांचा कोड एका सर्व्हरवर राहतो. तो बसवताना डीफॉल्ट सेटिंग्ज मी निवडल्या. डीफॉल्ट म्हणजे कोणी हात लावला नाही तर आपोआप लागू राहणारा नियम. मी ठरवलं होतं, कोणताही बदल बाकीच्या दोघांनी तपासून अप्रूव्ह केल्याशिवाय पुढे जाणार नाही. कामांच्या यादीत त्यापुढे टिक करताना फार बरं वाटलं होतं.

आज जवाहरनगरला प्रफुल्लची हळद होती. शीतलही तिथेच. डीजेपुढे फोन कोण उचलतो?

"नियम काढून टाका ना ताई," आमचे बॉस मनोहरभाऊ म्हणाले. "तुमच्याच तर हातात आहे."

"आज काढला तर रोजच काढायला लावाल. मी ऑटो करून चालली."

मांडवात प्रफुल्ल कोपरापर्यंत पिवळा. "ताई, हळदीले लॅपटॉप घेऊन आल्या?"

त्याच्या बहिणीनं लॅपटॉप त्याच्यासमोर धरला. आत्यानं हळद लावणं थांबवलं नाही. तो वाचत गेला आणि एकदम खिदळला. "ताई, भरल्या ट्रकमधून रिकामा वजा करायचा, तुमी रिकाम्यातून भरला केला! आता शेतकऱ्यालेच मिलकडून धान घेऊन घरी जा लागन!"

अख्खा मांडव हसला. सगळ्यात जास्त आत्या.

प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी ती ओळ सुधारली. शीतल नाचातून घामाघूम आली, नीट वाचून अप्रूव्ह करून परत नाचायला पळाली. प्रफुल्लचे हात माखलेले, म्हणून अप्रूव्ह करायला त्यानं पासवर्ड बहिणीच्या कानात सांगितला. ती किंचाळली, "अरे, हे तर वहिनीचं नाव!" पुन्हा हशा. 'प्रफुल्लला पासवर्ड बदलायला लावणे' हे मी तिथेच यादीत टाकलं.

थोड्या वेळानं तुमसरहून फोन आला. काटा चालू झाला होता. तोवर माझ्याही गालाला हळद लागली होती आणि कीबोर्डलाही.

सोमवारी मनोहरभाऊ म्हणाले, "आता तरी तपासणारे शून्य करा."

मी दोनाचं एक केलं. तपासणारा हवाच, माझी उलटी वजाबाकी त्यानंच पकडली. पण तिघांच्या ऑफिसात दोघांची अट घालणं हा हट्ट झाला. डीफॉल्ट ठरवताना सगळे आपापल्या खुर्चीत आहेत असं धरू नये. निम्मं ऑफिस डीजेपुढे नाचतंय असंच धरावं.