सुभेदारांचा चष्मा

माझे मार्गदर्शक सर जाऊन दोन महिने झाले. क्षेत्रकार्य शिकताना लिहिलेली माझी पहिली वही आज उघडली, तर रडू येण्याआधी हसूच आलं.

फौजेतल्या माणसांच्या घरी शेतीचे निर्णय कोण घेतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. पहिलं प्रकरण सरांना पटलं नाही तर विषय सोडायचा, असं ठरलं होतं. लोणंदहून चाळीस प्रश्नांची यादी घेऊन मी इस्लामपूरजवळच्या एका गावात, निवृत्त सुभेदारांच्या घरी उतरले.

सुभेदार ताठ बसून उत्तरं देत. ऊस कोणता लावायचा? "मी ठरवतो." पाणी कधी द्यायचं? "मीच."

आतून त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "व्हय, पाऊस बी हेच पाडत्यात. लिही गं."

मी ते लिहिलं नाही. यादीत तसा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी गावातले पाच पेन्शनर ओसरीवर ओळीनं बसवले. सहाही जणांचं उत्तर एकच. मी खूश होऊन वहीतच प्रकरण लिहिलं आणि सांगलीला सरांपुढे ठेवलं. त्यांनी समासात शिसपेन्सिलीनं लिहिलं, 'हे ऐकलंस. पाहिलंस काय?' म्हणाले, "आठ दिवस देतो. यादी इथंच ठेव."

मी परत गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लसूण सोलत बसले. चौथ्या दिवशी ऊसतोडीचा मुकादम दारात आला. "सुभेदार, टोळी उद्या लावू का परवा?"

"थांबा, चष्मा आणतो," म्हणत सुभेदार आत आले. चष्मा नाकावरच होता.

"काय सांगू?" त्यांनी हळूच विचारलं.

"परवा. आधी जाऊबाईंचा ऊस निघू दे. आपली गाडी त्यांच्याच रानातनं जायची हाय."

बाहेर त्यांचा आवाज खणखणीत आला, "परवा. ठरवलंय मी."

सुभेदार वळले तर मी बघत होते. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा वहीकडं पाहिलं.

"हे लिवणार काय, पोरी?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार," मी म्हणाले खरी, पण सगळं प्रकरण तेवढ्यावरच अवलंबून होतं.

"लिहू दे की," काकू म्हणाल्या. "चष्म्याचं तेवढं गाळ, गं."

सुभेदारांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चष्मा बी लिही. अर्धा रिपोर्ट फौजेत चालत न्हाई."

सरांनी ते पान दोनदा वाचलं आणि पुढचं उलटलं. विषय टिकला. घरी येऊन पाहिलं, तर समासात शिसपेन्सिलीनं एक छोटा चष्मा काढलेला. अजून पुसट झालेला नाही.