बारा खोल्यांचा मालक

आमच्या तिमगादच्या, म्हणजे जुन्या रोमन गावाच्या, अवशेषांत मी तिकिटं फाडतो आणि हफ्नावी पहारा देतो. एकतीस वर्षं झाली, पण त्या माणसाच्या जिभेवर कुणी पहारा बसवला नाही. लष्करात पंचवीस वर्षं घासलेल्या रोमन शिपायांना बादशहाने हे गाव बांधून दिलं, एवढं पाहुण्यांना सांगून झालं की तो दक्षिणेकडच्या मोठ्या पडक्या घराकडे बोट दाखवायचा. "आणि ते आमचं. बारा खोल्या, घरातच हमाम. या कधी चहाला!" पाहुणे हसायचे, हा फुगायचा.

खरं घर म्हणजे भावाकडची एक खोली, वर पत्रा. त्याची बायको, यमीना वहिनी, सव्वीस वर्षं जावेच्या चुलीवर, जावेचं आटोपल्यावर स्वयंपाक करायची. "बारा खोल्या कुणाला हव्यात?" ती म्हणायची. "एक चूल द्या मला, जिथे मागे उभं राहून कुणी उसासे टाकणार नाही."

सरकारी फ्लॅटसाठी अर्ज करून एकोणीस वर्षं झाली, तेव्हा कुठे घरवाटप समितीचा माणूस चौकशीला उगवला. बाटना शहरातून आलेला, नवाकोरा, काखेत फाईल. हफ्नावी कामावर होता म्हणून तो थेट फाटकाशीच आला.

"राहता कुठे, काका?"

मी डोळे वटारले. पण छे! बोट गेलंच दक्षिणेकडे.

"ते काय! बारा खोल्या, घरातच हमाम."

"बांधकाम?"

"अस्सल दगडी. आमच्या पणतवंडांनाही पुरेल."

माणसाने फाईलमधून मान वर न करता सगळं लिहून घेतलं आणि कागद पुढे केला. पोरगा आपल्यासारखाच थट्टेखोर दिसतोय असं समजून या शहाण्याने हसत हसत सही ठोकली. मी डोक्याला हात लावला.

जूनमध्ये समितीच्या कचेरीच्या भिंतीवर फ्लॅट मिळालेल्यांची यादी लागली. वहिनी स्वतः गेली, गर्दीत धक्के खाऊन तीनदा पाहून आली. नाव नव्हतं. खिडकीवरच्या बाईने फाईल उघडून सांगितलं, "तुमचं तर गावात बारा खोल्यांचं पक्कं घर आहे, मावशी. गरिबांच्या तोंडचा घास कशाला काढता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी फाटकाशी आली. पाठीवर गादी, हातात रव्याचा कुसकुस शिजवायचं पातेलं.

"वहिनी, तिकीट..." मी चाचरलो.

"स्वतःच्या घरात जायला तिकीट? सरकारने लिहून ठेवलंय, भावजी. व्हा बाजूला."

मी झालो बाजूला. तिने मोठ्या घराचा एक कोपरा झाडला आणि तीन दगड मांडून चूल पेटवली. दगडांना तिथे काय तोटा! तीन दिवस कुसकुस शिजला. परदेशी पाहुणे फोटो काढत होते, आणि ती त्यांना "पाय पुसून या" म्हणत होती.

चौथ्या दिवशी वरून हुकूम आला: अतिक्रमण ताबडतोब हटवा. हटवायचं कुणी? अर्थात पहारेकऱ्याने. हफ्नावी टोपी सरळ करून निघाला. साक्षीदार म्हणून मलाही ओढलं.

"ऊठ, यमीना. हुकूम आहे."

"जेवून घ्या आधी."

जेवला मेला! दोनदा वाढून घेतलं, बोटं चाटली.

"असं घरी कधी केलं नाहीस," तो म्हणाला.

"घर होतं कुठे?"

त्याने खाली मान घालून गादी गुंडाळली. मला त्याची कीव आली नाही, संताप आला. एकतीस वर्षं बडबडलास, आता बोल की! पण त्याने गादी खांद्यावर टाकली. वहिनीने आपल्या हाताने चुलीवर पाणी ओतलं.

बायकोवर खटला भरला जाऊ नये म्हणून त्याने अहवालात जपून लिहिलं, 'रहिवाशांनी घर स्वखुशीने रिकामं केलं.' एक प्रत नियमाप्रमाणे समितीकडे गेली. समितीनेही ती नियमाप्रमाणे वाचली. महिन्याभराने पत्र आलं: अर्जदाराने बारा खोल्यांचं राहतं घर स्वखुशीने सोडलं असल्यामुळे पुढची दहा वर्षं त्याला घर मागता येणार नाही.

मीच ते वाचून दाखवलं. वहिनीने माझ्या हातातून कागद ओढला, चोळामोळा केला आणि चुलीत घातला. जावेच्या चुलीत.