दीडपट वेग
ऑफिसच्या रेकॉर्डिंगखाली 'दीडपट वेग' हे बटण दिसलं की आजही माझं डोकं फिरतं. लॉकडाउनमधला, नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचा रविवार होता. घरी एकाच पाहुण्याची परवानगी, म्हणून आम्ही सहा मराठी कुटुंबांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र सिनेमा बघायचं ठरवलं. लहानपणापासून जुन्या कृष्णधवल सिनेमांचा वेडा मीच, त्यामुळे निवड माझी. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता, मांडीवर चिवड्याची वाटी होती. नवरा लढाईवर गेलाय आणि नायिका दारात नुसती उभी आहे, हा माझा जीव की प्राण असलेला प्रसंग आला, आणि ती बाई भराभरा पापण्या मिटून, झटक्यात पदर सावरून आत पळाली! सिनेमा लावणारा मित्र म्हणाला, "अरे, कापलं काहीच नाहीये, फक्त दीडपट केलंय. ट्रेनिंग आपण असंच बघतो ना?" बाकीच्यांनी पसंतीचे अंगठे वर केले. मी ओरडलो, "बाहेर सगळं बंद आहे, जायचंय कुठे तुम्हाला?" आणि लॅपटॉप मिटला. भारताची विमानं सुरू व्हायची वाट मात्र त्या वर्षी सहाही घरांनी साध्याच वेगाने बघितली. तिथे कुणालाच बटण सापडलं नाही.