पट्टी लावलेली बाजू

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. त्याची माफी आधीच मागते. चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि त्या वाटेनं पोरीला एकटं सोडायला घरात कुणी तयार नव्हतं. ही वही मी अस्तराच्या कापडाखाली ठेवते, कुणाला दाखवत नाही. तरी प्रवासाचं लिहायचं म्हणजे समोर कुणीतरी ऐकत बसलंय असं धरूनच लिहावं लागतं.

मी तामलवाडीत ब्लाउज शिवते. शिवताना शेजारी रेकॉर्डचं मशीन चालू असतं. सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलेलं, पेटीसारखं मिटणारं, सेलवर चालणारं. माझ्याकडं पन्नासेक रेकॉर्डी जमल्यात. सिनेमाच्या नाहीत. जलशांच्या आहेत, जयंतीला गावोगाव गाणाऱ्या पार्ट्यांच्या. त्या गाणाऱ्यांची नावं आता त्यांच्या नातवंडांनाही सांगता येत नाहीत. असल्या रेकॉर्डी मुळात थोड्या निघाल्या, आणि निघाल्या त्या मांडवांत वाजून वाजून झिजल्या.

मला हवी होती ती एकच. माझी आत्या भागीरथी विशीत असताना एका शाहिराच्या जलशात गायची. त्या पार्टीला मुंबईला नेऊन एक लहान रेकॉर्ड काढली होती. तिच्या एका बाजूचं अर्धं गाणं आत्यानं एकटीनं म्हटलंय. सासरी निघालेली पोर आईकडं दागिना न मागता पाटी मागते, असं ते गाणं. पण रेकॉर्ड तिच्या हातात कुणी दिली नाही, आणि तिनं ते गाणं परत कधी ऐकलं नाही. आता तिचा उजवा कान पुरता गेलाय. डाव्याचं डॉक्टर म्हणाले, वर्षभर टिकला तर टिकला.

दिवाळीत तुळजापूरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदारानं मला मोबाइलवर त्याच रेकॉर्डचा फोटो दाखवला. लेबलावर शाहिराचं नाव होतं, खाली बारीक अक्षरांत ‘आणि पार्टी’. म्हणजे माझी आत्या. मी तिथल्या तिथं अडीच हजार रुपये इसार दिला. माघ लागला तरी रेकॉर्ड आली नाही. तो फोनवर ‘येतीय, येतीय’ म्हणायचा. शेवटी मी रेकॉर्डचं मशीन पिशवीत घातलं आणि सकाळची एसटी धरली.

कंडक्टरनं पिशवी उचलून बघितली. “काय बाई हे? बाँब हाय का?”

“गाण्याचं मशीन आहे.”

“मग तुमचं अर्धं तिकीट, अन मशीनचं पूर्ण. मशीन काय बाईमाणूस न्हाय.”

सगळी गाडी हसली. मी पैसे दिले आणि खिडकीबाहेर बघत बसले. माझं हे असंच होतं. उत्तर सुचतं, पण तोवर तुळजापूर येतं.

दुकानदार पितळी समयांवरची धूळ झटकत होता. “या मावशी. ती रेकॉर्ड गेली बघा.”

“कुठं?”

“मुंबईच्या एका माणसानं नेली. आठ हजार दिले रोख. धंदा हाय, समजून घ्या.”

“माझा इसार?”

“दुसरी येईल की! तवर राहू द्या माझ्याकडं, पळून जातोय का मी? अन मावशी, राग नका मानू, पण ब्लाउज शिवनाऱ्या बाईला असल्या भारी वस्तूचं काय काम?”

मी “बरं” म्हटलं! त्या ‘बरं’चा राग मला अजून आहे, त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त. बाहेर येऊन एका पायरीवर बसले. रडायचं नव्हतं, म्हणून फोटोत काय काय होतं ते आठवत राहिले. लेबलाच्या कडेला जो गुळगुळीत भाग असतो, तिथं सुईनं कोरलेलं होतं: मौला जळकोट. लग्नाला भोंगे भाड्यानं देणारे स्पीकरवाले आपापल्या रेकॉर्डीवर असं नाव कोरायचे, कारण एकमेकांना उसन्या दिलेल्या रेकॉर्डी परत येत नसत. मी उठले आणि नळदुर्गमार्गे जाणारी गाडी पकडली.

जळकोटला हायवेवर उतरलं की ट्रकचा धुरळा आणि लगेच पुढं ज्वारी. एका रानात काठ्यांना कॅसेटचं रीळ ताणून बांधलं होतं. वारा आला की ते घोंगावतं, मग पाखरं बसत नाहीत. मी थांबून ऐकलं. कुणाचं गाणं असेल त्या रिळावर? कुणीतरी घसा फोडून म्हटलेलं असणार, आणि ते आता चिमण्या हाकलतंय. मघापासून धुमसत होते, त्यात ही भर. रानातल्या माणसाचा दोष नाही, हे कळत होतं. तरी मी पाय आपटतच गावात शिरले.

मौलाचाचांचं घर कुणीही दाखवलं. ऐंशीच्या पुढचे, बाजेवर बसलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. मी काय शोधतेय ते सांगितलं, तशी त्यांनी सुनेला हाक मारली, “बेटी, पानी ला, और खाना लगा. आपल्या लाइनीतली बाई आलीय!”

त्यांच्या लाइनीतली! मला आजवर कुणी कुठल्या लाइनीत धरलं नव्हतं.

भाकरी, भाजलेल्या मिरचीचा ठेचा आणि खट्टा (चिंचेची पातळ आंबट डाळ) असं जेवण आलं. सून मागं बसून वाढत होती. जेवता जेवता चाचांनी सांगितलं, “त्यो तुळजापूरवाला आला, बोलला की सरकारी म्युझियममधी ठेवायच्यात, तुमचं नाव राहील. धा रुपयाला एक दिली म्या. पोतं भरून नेलं.”

“त्यातली एक त्यानं आठ हजाराला विकली, चाचा.”

त्यांचा घास हातातच राहिला. सून म्हणाली, “म्या तवाच म्हणलं होतं, अब्बा, सरकार कधी पोतं घेऊन येतंय का?”

“चुप बैठ गे,” ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मग त्यांना आठवलं. त्या गाण्याच्या रेकॉर्डी त्यांनी दोन घेतल्या होत्या. एक झिजली तर दुसरी असावी म्हणून. दुसरी त्यांचा जोडीदार घेऊन गेला होता, तेरखेड्याचा स्पीकरवाला. तो वारला, सून राहते तिथं.

“पर बेटी, एक बात हाय. तुझ्या आत्याच्या बाजूला म्या चिकटपट्टी लावली व्हती. दोनीवर. फुली मारल्यासारखी, लेबलावर.”

“का?”

“लग्नात ती बाजू वाजली की वरच्या आळीची लोकं यायची. म्हणायची, हे गाणं बंद कर, न्हाईतर भोंगा फोडतो. एकदा फोडलाच. माझा पोरगा मशीनवर बसायचा, त्याला वाचता येईना. म्हणून पट्टी. पट्टी दिसली की ती बाजू लावायची न्हाय.” त्यांनी चष्मा काढला. “फक्त जयंतीला लावायचो, तुमच्या वस्तीत. दुसरी तर जोडीदारानं नेली ती नवीकोरीच. गलती झाली.”

मी त्यांच्या घरचं जेवले होते आणि तरी मला त्यांचा राग आला, हे लिहून ठेवते. भोंगा फोडणाऱ्यांचा तर आलाच. पाटी मागणाऱ्या पोरीच्या गाण्यानं कुणाचं काय जळत होतं? पण निघताना चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मी तो झटकला नाही.

संध्याकाळी घरी परतले. आत्यानं विचारलं, “कुठं गेली हुतीस गं सुमे?” मी म्हटलं, “अस्तर आणायला.” तिनं पिशवीतल्या मशीनकडं बघितलं आणि भाकरी वाढायला उठली.

दुसऱ्या दिवशी धाराशिवच्या स्टँडवर गाडी बदलली. पाटीवर धाराशिव लिहिलंय, कंडक्टर अजून उस्मानाबादच ओरडतात. तिथं खव्याचे दोन गुलाबजाम घेतले, एक खाल्ला, एक आत्यासाठी डब्यात ठेवला. येरमाळ्याच्या पुढं रस्त्याकडेला फटाक्यांची दुकानं दिसायला लागली, म्हणजे तेरखेडा आलं.

जोडीदाराची सून शोभा. ओसरीवर बसून फटाक्याच्या कागदी नळ्या वळत होती, बोटं करडी झालेली. माझी पिशवी बघून म्हणाली, “आक्का, त्यात काडीपेटी, बिडी काय न्हाय न्हवं?”

“गाण्याचं मशीन आहे.”

“मग वाजवा खुशाल. हितं फक्त काडी वढायची न्हाय.”

मी रेकॉर्डचं विचारलं. ती आठवत बसली. “सासऱ्याच्या प्लेटा व्हय? लई हुत्या. भंगारात गेल्या की समद्या.” माझं तोंड बघून तिला कसंतरीच वाटलं असावं. “बसा तरी. पानी देते.”

ती उठून माठाकडं गेली. माठावरचं झाकण तिनं उचललं, आणि मी बसल्या जागेवरून उभी राहिले. झाकण म्हणजे लहान काळी रेकॉर्ड होती. मधल्या भोकातून चिंधी ओवून धरायला गाठ मारलेली. वरच्या बाजूवर वर्षानुवर्षं तांब्या ठेवून गोल पांढरा चट्टा पडला होता. मी ती उलटी केली. खालच्या बाजूला लेबलावर, ओलीनं काळी पडलेली, चिकटपट्टीची फुली.

शोभा म्हणाली, “सासू म्हनायची, पट्टीची बाजू खाली ठिवा, ती वंगाळ दिसती.”

मी गाठ सोडवली. पदरानं पुसून रेकॉर्ड मशीनवर ठेवली, बटण दाबलं. काही नाही. येताना गाडीच्या हादऱ्यानं बटण सरकून वाटेतच सेल संपले होते. गावातल्या दोन दुकानांत विचारलं. बारीक सेल होते, जाड नव्हते. मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शोभा हसायला लागली. “आक्का, तुमी तर लई बोलता की वो! आल्यापासनं मुक्यावानी बसला हुता.”

रेकॉर्डचं काय द्यायचं म्हटल्यावर तिनं हात झाडले. “पैशे नको. झाकण द्या बदली. माठ उघडा राहील.” मी स्टीलचं झाकण विकत आणून दिलं. तिनं ते वाजवून बघितलं आणि म्हणाली, “हेचं गाणं बरं हाय.”

परतताना तुळजापूरला पाऊण तास गाडी नव्हती. मी स्टँडवर बसणार होते. बसले नाही.

दुकानदारानं पिशवीतली रेकॉर्ड बघितली आणि त्याचा सूर लगेच बदलला. “अरे वा मावशी! कुठं घावली? लावून बघू का?”

“नाही. आधी जिची आहे ती ऐकेल.”

“पाच हजार देतो. आत्ता.”

“माझे अडीच द्या.”

“अहो, हिशेब करू की नंतर. बसा, च्या सांगतो.”

मग माझा आवाज चढला. मला माहीतच नव्हतं की तो एवढा चढतो. म्हाताऱ्या माणसाला म्युझियमचं खोटं सांगून दहा रुपयाला रेकॉर्ड घेतली, मला देतो म्हणून माझे पैसे घेतले, आणि तिसऱ्याला विकली, असं मी दारात उभी राहून सगळं ओरडून सांगितलं. शेजारचा बांगडीवाला बाहेर आला. देवीला आलेल्या दोन बायका थांबल्या. त्यांतली एक म्हणाली, “दे की रं बाईचे पैशे, काय तमाशा लावलास?” त्यानं गल्ल्यातून दोन हजार काढून माझ्यापुढं टाकले. “पाचशे पुढच्या महिन्यात. गल्ल्यात आता काय उरलंय का बघा.”

तामलवाडीत पोचले तेव्हा आत्या दारात बसली होती. दुकानातून जाड सेल घेतले, मशीन तिच्या डाव्या कानाशी ठेवलं आणि पट्टीची बाजू लावली. आधी नुसती खरखर. मग ढोलकी, शाहिराचा आवाज, आणि नंतर एक पोरगी. उंच, न घाबरणारी. आईकडं पाटी मागते ती धमकावल्यासारखी मागते. ती बाजू फारशी वाजलीच नव्हती, त्यामुळं शब्द न् शब्द नीट होता.

गाणं संपल्यावर आत्या म्हणाली, “ढोलकीवाला घाई करायलाय. म्या तवा बी सांगितलं हुतं त्याला.” मग म्हणाली, “लेबल वाच.”

मी पट्टीच्या फटीतून शाहिराचं नाव वाचलं.

“खाली?”

“आणि पार्टी.”

“बरं,” ती म्हणाली. माझ्यासारखं नव्हे. तिचं ‘बरं’ ऐकून मी दोन पावलं मागं झाले. “परत लाव.”

सेल मंद होईपर्यंत लावत राहिले. शेवटी पोरीचा आवाज पुरुषासारखा जाड व्हायला लागला, तेव्हा आत्यानंच बटण बंद केलं आणि गुलाबजाम मागितला.

तो दुकानदार महिनाभर फोन उचलत नव्हता. मी रोज लावत होते, ब्लाउजची काजं करता करता. आज तो स्वतः आला. मोटरसायकल बंद न करताच पाचशेची नोट दिली आणि आत नजर टाकून म्हणाला, “आठ हजार म्हणलं तरी न्हाय?” मी दार लावून घेतलं.

इसार सगळा परत आला. आत्याला नोट दाखवली.

“पुरं झालं?”

“झालं.”

ती नोट उलटीपालटी करत म्हणाली, “मला त्या रेकॉर्डचे पैशे दिलेच न्हाईत. लुगडं दिलं. मुंबईहून परतताना गाडीत नेसले, तर घोट्याच्या वर येत हुतं.”

रेकॉर्ड काढणाऱ्या त्या कंपनीचं दार कुठं आहे, ते मी तिला विचारलं. तिला आठवत नाही.